दातांत धरायची बॅटरी

आई,

बॅटरी घ्यायला मी पौडाच्या बाजारात गेलो आणि दोनदा हात हलवत परत आलो. तुझ्या वेळी आपल्या गावात बॅटरी कुणाकडेच नव्हती. पाहुण्यांपैकी कुणी आणलीच तर लोक तिला चोरबत्ती म्हणायचे. आता बऱ्याच घरांत आहे. माझं तर पोटच तिच्यावर आहे. मी हिवतापाच्या खात्यात लागलो. सकाळी उन्हं चढायच्या आत नेरे, हिंजवडी अशा गावांत जायचं, गोठे आणि माजघरं धुंडाळायची, अंधाऱ्या भिंतींवर बसलेले डास काचेच्या नळीत तोंडानं ओढून घ्यायचे, आणि कुठं कुठल्या जातीचे मिळाले ते पुण्याला कळवायचं. घरात कुणाला ताप असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि कडू गोळ्या द्यायच्या. हिंजवडीची एक म्हातारी मला लांबून बघितलं की सुनेला हाक मारते, "अगं, आला बघ डास धरनारा. लोकं रिकामपनी माशा मारत्यात, ह्येला सरकार डास धरायचा पगार देतंय." मी हसतो आणि गोठ्यात शिरतो. मला फार बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं.

खात्यानं दिलेली बॅटरी तीन सेलची होती, लांबलचक आणि जड. एका हातात नळी, एका हातात बॅटरी, आणि झोत असा पसरट की सगळी भिंत दिसायची पण भिंतीवरचा डास दिसायचा नाही. नेऱ्याच्या एका गोठ्यात म्हशीनं मान झटकली, बॅटरी शेणात पडली आणि तिचं बटण कायमचं बसलं. नवी पुण्याहून यायला वेळ लागणार होता. मी म्हटलं, माझी मीच घेतो. म्हणायला सोपं होतं.

पौडाला एक चाचा आहेत, त्यांच्या दुकानात दोऱ्यापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं मिळतं. त्यांनी फळीवर बॅटऱ्या ओळीनं मांडल्या. मी एकेक पेटवून बघितली. भर दुपारी सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून चाचांनी मला मागच्या कोठीत नेलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, आता बघा. पोत्यांचा वास, थोडा गुळाचा, थोडा धुराचा. फटीतून एक उजेडाची रेघ आत आलेली. मी बॅटरी न पेटवताच बाहेर आलो. चाचांना म्हटलं, परत येतो. एस्टीच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून पुन्हा दुकानापर्यंत आलो, बाहेरूनच बघितलं आणि पुन्हा थांब्यावर गेलो. तेवढ्यात गाडी निघून गेली. पुढच्या बाजारीही तेच झालं. चाचा म्हणाले, "बॅटरी घेताय का नवरी बघताय?"

खरी गोष्ट अशी की धाकटीचे दिवस भरत आले होते. तुझी धाकटी. जिला तू जेमतेम पंधरवडा बघितलंस, ती. आत्यानं तिला म्हशीच्या दुधावर वाढवली, लग्न लावून दिलं, आणि आता पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या आपल्या घरी आली होती. खोलीही तीच. स्वयंपाकघराच्या मागची. आपल्याकडे दुसरी खोली आहेच कुठं.

त्या खोलीचं दार मला अजून डोळे मिटून काढून दाखवता येईल. खालची फळी उंदरांनी कुरतडलेली, कडी वरच्या बाजूला, आणि आतून धुरी घातल्याचा ओव्याचा वास. तू आत, धाकटी आत, आणि मी बाहेर उंबऱ्याला पाठ लावून बसलोय. शाळेतून आलो की दप्तर टाकून तिथंच. दार थोडं किलकिलं होतं आणि तुझा हात बाहेर येतो. हिरव्या बांगड्या, आणि हातात डिंकाचा अर्धा लाडू. तू काही बोलत नाहीस, कारण आत्या स्वयंपाकघरात आहे. मी घेतो आणि तुझं बोट जरा धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसतो, आणि हात येत नाही. आतून बाजेची करकर ऐकू येते, दात वाजल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, पण दार हलत नाही. मी मनाशी आठवत बसतो की काल आपलं काय चुकलं. पाटी फोडली ते कळलं असेल का. मग तिसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा वागतो आणि हात येतो. मला वाटायचं, माझ्या वागण्यावर आहे ते. एकदा आत्यानं मला तिथं बघितलं आणि दंडाला धरून उठवलं. "बाळतिनीच्या दारात काय बसतुयास रं? जा, खेळ जा." मी ओट्यापर्यंत गेलो आणि ती विहिरीवर गेल्यावर परत आलो. असे चार-पाच लाडू मिळाले असतील. नंतर दार उघडलं ते सताड उघडलं, आणि आत बायकांची गर्दी होती.

बाळंतवारं म्हणाले सगळे. अंगावरचं दूध चढलं म्हणाले. मीही तेच धरून चाललो, इतकी वर्षं.

खात्यात लागलो तेव्हा पुण्यात आम्हाला थोडे दिवस शिकवलं. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर खडूनं तापाची रेघ काढली. आज वर, उद्या खाली, परवा पुन्हा वर. म्हणाले, मधल्या दिवशी माणूस इतकं बरं असतं की घरच्यांना वाटतं, गेला ताप. सगळे वहीत उतरवून घेत होते. मला फळ्यावर रेघ दिसेना, लाडू दिसायला लागले. एक दिवस लाडू, एक दिवस नाही. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो. तुला काय झालं होतं ते मला त्या नळाशी कळलं. माझं काही चुकलं नव्हतं हेही तिथंच कळलं. घरी मात्र मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? तू गेल्यापासून आबा त्या खोलीचं नाव काढलं की ओट्यावरून उठून खळ्यात जातात.

तर तिसऱ्या बाजारी चाचांनी मला एक बुटकी बॅटरी दिली. दोन बारक्या सेलची, मुठीत बसणारी, पुढची काच फिरवली की झोत गोळा होऊन रुपयाएवढा होतो. कोठीत नेलं तर त्या रुपयात पोत्याचा धागान्‌ धागा दिसला. मोठ्या तीन सेलच्या बॅटरीनंही इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. तरी माझं ठरेना. मनात एक गोष्ट होती, ती करून बघितल्याशिवाय घेणार नव्हतो. चाचांची पाठ वळल्यावर मी बॅटरी दातांत धरली आणि दोन्ही हात मोकळे करून, सुई टोचतो तसे पुढे केले. झोत बरोबर बोटांवर पडला. चाचा वळले. "उष्टी केलीत की," ते म्हणाले, "आता तर घ्यावीच लागंल." मी घेतली. येताना गाडीत ती खिशातून काढून पुन्हा पुन्हा पेटवत होतो. शेजारचा माणूस म्हणाला, दिवसा कशाला सेल जाळताय? मी खिशात ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा काढली.

धाकटीला मुलगी झाली. निरोप आला तेव्हा मी कामावर होतो. सुट्टी मिळाल्यावर, पाचवी होऊन गेल्यावर घरी पोचलो. भात निसवलं होतं, पाऊस उघडला होता. आत्या चुलीशी बसून बाळंतिणीसाठी पाणी तापवत होती. पोरगी कशी आहे, कुणावर गेलीय, ते सगळं तिनं सांगितलं. मग मी धाकटीचं विचारलं.

"बरी हाय. वाईच ताप हाय. दुधाचा हाय, उतरंल."

"कधी आला?"

"परवा आलता. काल न्हवता, काल चांगली ज्येवली. आज सकाळपासनं पुन्ना कुडकुडतीया."

मी उठून उभा राहिलो. मला तिला बघायचंय, एवढंच म्हणालो. आत्यानं लाकूड चुलीत सारलं आणि म्हणाली, सुवेर फिटल्याबिगर गडीमाणूस बाळंतिणीच्या खोलीत जात नाही. तुझं खातं तुझ्या हिंजवडीत. मी चुलीपासून दारापर्यंत गेलो, दारापासून चुलीपर्यंत आलो. "भोवऱ्यावानी फिरू नगंस," ती म्हणाली, "बस हितं." मला बसवेना. आणि मग जे कधी बोललो नव्हतो ते बोललो.

"आत्या, आईलापण एक दिवसाआड येत होता."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला कुनी सांगितलं?"

"मला दारातून लाडू मिळायचा. तो एक दिवसाआड मिळायचा."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं तरी तिनं ते उतरवलं नाही. म्हणाली, "लाडू मीच दियाचे तिला. म्हनायची, मला ग्वाड लागत न्हाई, भायेर बसलाय त्येला दिते." मग पदरानं हात पुसून तिनं पुढे केला. "आन ती बत्ती हिकडं. काय बघायचं ते सांग. मी बघते."

तिनं बॅटरी आधी उलटी धरली आणि स्वतःच्याच डोळ्यांवर पाडली. शिवी दिली. मग आत गेली. मी उंबऱ्याशी उभा राहून सांगत होतो: बाजेच्या मागं बघ, फडताळाच्या खाली बघ, भिंत बघ. "हायेत," आतून आवाज आला. "भितीला चिकटल्यात." मी विचारलं, कसे बसलेत? "कसं म्हंजी? डोकं खाली नि बूड वर. दंडवत घालत्यात जनू." हिवताप पसरवणारे डास तसेच बसतात.

मी म्हटलं, धाकटीचा हात तेवढा दारातून बाहेर दे. मधल्या वाटेत अंधारच असतो, तुला माहीत आहे, आई. आत्यानं बॅटरी मला परत दिली, मी ती दातांत धरली. धाकटीचा हात बाहेर आला. थंडीनं हलत होता. आतून ती म्हणाली, "दादा, मला नळीत वढू नगंस हां." दातांत बॅटरी, मला हसताही येईना. स्पिरिट लावलं, सुई टोचली, थेंब काचेवर घेतला. चांगला, गोल, पुरेसा थेंब. मग दुसरा. गोळ्या आत्याच्या हाती दिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. धाकटी थुंकायला बघत होती. आत्या म्हणाली, गिळ, वर गूळ देते.

संध्याकाळी आत्यानं मला ओट्यावर गाठलं. एवढं सारवून ठेवलं होतं, तरी डास आले कुठून, म्हणून. मी विचारलं, कधी सारवलं? तर कळलं की फवारणीवाले येऊन गेल्यावर तिनं ती खोली, फक्त ती एक खोली, पांढऱ्या मातीनं वरपासून खालपर्यंत पोतारली होती. भिंतीवरचं डास मारायचं औषध सगळं मातीखाली गेलं. सारवू नका असं फवारणीवाल्यांनी बजावलं होतं ना, मी म्हणालो. "सांगितलं की. मग काय बाळतीन इषाच्या भितीत निजवू? तान्हं लेकरू तितं श्वास घेनार." पुढच्या वेळी आधी सारव आणि मग फवारून घे, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, ह्ये आदी सांगायचं व्हतं. मी कसं सांगणार? त्या खोलीबद्दल या घरात मी काही बोललोच नव्हतो.

पुण्याहून कळवलं की रक्तात हिवतापाचे जंतू होते. तोवर गोळ्यांनी थंडी थांबली होती, पण पुढच्या गोळ्या पोचवायला मी पुन्हा गेलो. धाकटी ओट्यावर उन्हात बसली होती, पोरीला मांडीवर घेऊन. पोरीच्या डोळ्यांसमोर मी बॅटरी पेटवली तर तिनं शिंक दिली. आत्या म्हणाली, बंद कर ती. नंतर निघताना तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. गाडीत सोडून बघितलं. डिंकाचा लाडू होता, अख्खा.

त्यानंतरही मला स्वस्थता नाही. हे लिहितानाही मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. गोठ्यात झोत भिंतीवर फिरवतो तेव्हा हात चुकतो, नळी चुकीच्या जागी लागते. तुझ्या वेळी या गोळ्या असत्या तर, असं मनात येतं, आणि त्या विचाराचं पुढं काय करायचं ते कळत नाही. कागद घडी करून तुझ्या पेटीत ठेवणार आहे, जिच्यात आता आत्या धाकटीची जुनी झबली ठेवते.

खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. इतकी वर्षं मी त्या दाराशी गेलो की तू आठवायचीस. पाणी प्यायला गेलो तरी, चप्पल शोधायला गेलो तरी. मी बॅटरी निवडताना कोठीतून बाहेर पळालो तेही त्यामुळंच. आणि त्या दिवशी, त्याच दारातून, तशाच हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, मी तो धरला, आणि मला फक्त बोट दिसलं, सुई दिसली, थेंब दिसला. बांगड्या हिरव्या होत्या हे मला परत येताना गाडीत आठवलं. त्या वेळी तुझी आठवण झाली नाही, आई.