वसीला दोन्ही हात मागते

कैरवान, १० मार्च १९९५

ति. बेय्याताईस,

धाकट्या शादलियाचा सलाम वि. वि.

तुझा डबा पोचला. सुकवलेला ऑक्टोपस शेजारणीने खाल्ला आणि तुला भरभरून दुवा दिली. मला मीठ बंद, खजूर बंद, पाणीसुद्धा पेल्याने मोजून, हे तुला किती वेळा लिहू? पुढच्या वेळी रिकामा डबा पाठव. डबा तरी माझ्या उपयोगाचा आहे.

डायलिसिसचं ठीक चाललंय. डॉक्टरांनी माझ्या डाव्या कोपरापाशी शीर आणि धमनी जोडली होती ना, ती जागा आता सुया घ्यायला लागली. कान लावला तर आत माशी गुणगुणते. मशीनला रक्त जोरात लागतं म्हणून हा रुंद रस्ता करतात म्हणे. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास पडून छत बघते. थंडी मात्र यंदा हटत नाही. डाव्या हातात लोकरीचा मोजा घालून बसते, लोक हसतात, हसोत.

नरजिसचा गालिचा अर्ध्यावर आलाय. लग्न जुलैत आहे, तिला म्हणावं मावशी अजून जिवंत आहे, काळजी नको. मधल्या फुलाचा नमुना हातभर विणून गाडीवाल्याकडे दिलाय. रंग पसंत आहे का ते कळव.

आमच्या दवाखान्यात नवी नर्स आली आहे, वसीला, गफ्साकडची. पोरगी उंच, आवाज त्याहून उंच. आपण कसं दारात उजवा हात देतो, मग तो छातीला लावतो, तब्येत विचारली की अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि आत जातो. हिला ते चालत नाही. ही प्रत्येकाचे दोन्ही हात मागते! मी सांगितलं की बाई, आमच्यात डावा हात कुणी कुणाला देत नाही, तुमच्याकडे देत असाल तर तुमच्याकडे द्या. माझ्यासारख्याच मशीनवर येणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनीही तोंड फिरवलं. पोरगी नुसती हसली. मला तिचा राग येतो.

दाजींना सलाम. तुझी माया पोचतेच आहे, फक्त मिठात घालून पाठवू नकोस.

तुझी,
शादलिया


महदिया, १७ मार्च १९९५

चि. शादलियास,

बेय्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. दाजींचं जाळं फाटलं आणि दोष माझ्या नजरेला लागला, एवढंच नवीन.

नमुना मिळाला. नरजिस तो गालाला लावून बसली होती. रंग छान आहेत. पण बाई, आईच्या मागावर मीही आठ वर्षं बसलेली आहे. नमुना उलटा केला आणि मागून पाहिला. तू दर गाठीला दोन उभ्या धाग्यांच्या जागी कुठे तीन उचललेस, कुठे एकच. एकदा नाही, नऊ जागी. गाठी घट्ट आहेत, म्हणजे उजवा हात ठीक आहे. धागे उचलतो तो डावा. आईने तुला चुकलेल्या एका गाठीसाठी ओळ उसवायला लावली होती, तेव्हापासून तू एक धागा चुकवला नाहीस. मग आताच काय झालं?

मार्चमध्ये मोजा, तोही एकाच हातात! थंडी काय तुझा डावा हात बघून येते? मशीनवर असताना तो हात दुखतो का, ते मला सरळ लिही. अल्हम्दुलिल्लाह लिहून पाठवलंस तर पत्र परत करीन.

आणि त्या गफ्साच्या पोरीला हात दे. तिने मागितला तर काहीतरी असेल. शिष्टाचार लग्नात दाखव.

तुझ्या बोटांवर जीव असलेली,
बेय्याताई


कैरवान, २९ मार्च १९९५

ति. बेय्याताईस,

सलाम वि. वि.

तू दुरून पाहिलंस, इथल्या माणसांना जवळून दिसलं नाही. त्यात पहिला दोष माझा. आता सगळं लिहिते, मध्ये ओरडू नकोस.

हात दुखत होता. मशीन सुरू झालं की तासाभरात बोटं ठणकायची, जणू बर्फात धरलीत. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून दर वेळी कसं आहे विचारायचे आणि मी दर वेळी अल्हम्दुलिल्लाह म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? तसं विचारलं की तसंच म्हणतात. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात चहाची किटली उचलायला गेले आणि शेगडीवर मोजा जळाल्याचा वास आला. मोज्याच्या आत दोन बोटं होती. मला वासाने कळलं, ताई. बोटांनी नाही.

तरी गप्प बसले. गुरुवारी गेले तर वसीला दारात आडवी. म्हणाली की मावशी, आज दोन्ही हात मिळाल्याशिवाय पलंग मिळणार नाही, मग मला गफ्साची रानटी म्हणा नाहीतर काहीही म्हणा. (मी म्हटलं होतं, तिच्या कानावर गेलंय.) शेवटी तुझं ऐकलं आणि दिले.

तिने डोळे मिटले. माझे दोन्ही हात एकाच वेळी धरून अशी उभी राहिली, जशी आई लोकरीच्या दोन गुंडाळ्या तोलायची. इतका वेळ की मागच्या रांगेतले मास्तर खाकरले. मग पट्टी काढून भाजलेली बोटं पाहिली. नखं बघायला गेली तर ईदची मेंदी! नख पांढरं पडलंय का निळं, काय दिसणार? बोटाला लावून प्राणवायू मोजायचा तो चिमटाही लावला, तो कधी आकडा दाखवी, कधी रुसे. तिने चिमटा बाजूला ठेवला आणि डाव्या मनगटावर नाडी शोधली. सापडेना. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माझ्या कोपराजवळची ती माशी दाबली. गुणगुण थांबली. आणि ताई, मनगटात नाडी उडायला लागली! मला स्वतःला जाणवली. थोड्या वेळाने बोटांत मुंग्या, मग ऊब. अंगठा उचलला की परत गार. तीनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांना हाताला धरून आणून.

मला समजावलं तेही तिच्या पद्धतीने. तिचे वडील खजुराच्या बागांना पाणी वाटून द्यायचे. म्हणाली की वर कुणी पाट जास्त रुंद फोडला तर पाणी तिथूनच वळतं, टोकाच्या बागेला ओल मिळत नाही. टोकाचा माणूस ओरडेपर्यंत झाड वाळतं, म्हणून तिचे वडील रोज आधी टोकाला जाऊन मातीत हात घालायचे. तशी ही बोटांना हात लावते. पंधरा दिवसांत तिने सगळ्यांचे हात धरले. मास्तरांचाही गार निघाला, माझ्या मागोमाग त्यांनी हात दिला म्हणून कळलं. माझ्या रागाची मलाच लाज वाटते. माझ्यासारख्या चार इयत्ता शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं की असं काम पुस्तक वाचून येत नाही.

डॉक्टरांनी बोटाला इवलासा पट्टा बांधून दाब मोजला. फार कमी आहे. आता सूसाच्या मोठ्या इस्पितळात नेऊन ती रुंद वाट थोडी आवळणार. जास्त आवळली तर मशीनला रक्त पुरणार नाही, कमी आवळली तर हात उपाशी. भाजलेली जागा काळी पडली तर दोन बोटं काढावी लागतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

डाव्या दोन बोटांशिवाय धागे कसे उचलतात ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. हे दाजींना वाचून दाखवू नकोस.

तुझी,
शादलिया


महदिया, २ एप्रिल १९९५

चि. शादलियास,

आशीर्वाद. ओरडायचं ते इथे ओरडून घेतलं, दाजी अजून घराबाहेर आहेत.

शुक्रवारी मी येते. नरजिसही हट्टाने येते आहे. तिला म्हटलं की नवरीने आपलाच गालिचा विणायचा नसतो. ती म्हणते की मावशीचा उजवा हात गाठी मारेल, मी डाव्या बाजूला बसून धागे उचलीन. धागे मोजायला मी आहे. आईसारखी उसवायला लावणार नाही, फक्त टोमणे मारीन.

सूसाला मी बरोबर असेन. त्या गफ्साच्या मुलीला काय आवडतं ते विचार. आणि तिला म्हणावं, महदियाची एक बाई तिला न बघता रोज नमाजात आठवते.

येतेच आहे, म्हणून लोभ प्रत्यक्षच देईन.

बेय्याताई


कैरवान, ८ जून १९९५

ति. बेय्याताईस,

सलाम वि. वि.

तुम्ही दोघी गेल्यापासून घर मोठं झालंय. तुझे टोमणे मात्र कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेत.

पट्टी कालच कायमची सुटली. करंगळीचं नख गेलं आणि टोकाला खड्डा पडलाय. बोटं दोन्ही राहिली! माशी हळू गुणगुणते, पण मशीनला पुरते. डॉक्टर आता पायथ्याशी उभे राहत नाहीत, उशाशी येऊन हात मागतात. मास्तरांचंही आवळून झालं. ते आता मला भेटले की दोन्ही हात पुढे करतात आणि मुलांना धडा दिल्यासारखं सांगतात की हीच खरी पद्धत.

काल मागावर एकटी बसले. पहिली ओळ रडतखडत झाली. दुसरी उलटून पाहिली. दोन-दोन धागे, एकही चूक नाही. मग नरजिसने विणलेला पट्टा पाहिला. वाकडा आहे, उंट चालल्यासारखा. उसवणार नव्हते आणि उसवला नाही. हिवाळ्यातल्या माझ्या चुकाही तशाच ठेवल्यात. सासरच्यांनी विचारलं तर म्हणावं, या गालिच्याला तीन बायका लागल्या.

आज दारात वसीला होती. तिने मागायच्या आत मी दोन्ही हात दिले. आणि ताई, तिचे हात गार होते! दिवसभर थंड पाण्याने धुते, दुसरं काय. पण ते माझ्या डाव्या हाताला कळलं. तिथेच तिला झापलं की आधी स्वतःचे हात शेक, मग आमचे बघ. तिचा तो उंच आवाज एकदम बसला आणि ती माझे हात सोडेना.

जुलैत गालिचा घेऊन मीच येते. नरजिसच्या सासरच्यांना आधीच सांगून ठेव, बाई विचित्र आहे, दारात उजव्या हातावर भागणार नाही. तुझेही दोन्ही तयार ठेव.

शादलिया