कुंडी परत मिळणार नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; खाली वाकायला घरात जागा राहिलेली नाही, कारण पुढे येईल). तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझा मुलगा कसे आहेत? आम्ही मजेत आहोत, फक्त जरा दमट.

इथून मुलाकडे राहायला जाताना ठेवलेली कुंडी परत पाठव, असं तू लिहिलंस. नाही पाठवणार. "झाडाला दमट हवा लागते" एवढं बोलून तू गाडीत बसलीस. मी पडलो बुकबाइंडर. जन्म गेला कागदाला ओल लागू नये म्हणून जपण्यात, आणि तू हे पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं प्रकरण माझ्या गळ्यात मारलंस. पहिल्याच आठवड्यात पानांच्या कडा वळल्या. कडा वळल्या की टिपकागदात घालून दाबयंत्राखाली ठेवायचं, हे मी झोपेतही सांगेन. म्हणून कुंडी शेजारी ठेवून, देठ न तोडता, सगळ्यांत मोठं पान दिवसभर दाबून ठेवलं. (इतकं सुरेख सपाट निघालं की तुझ्या भावजयीनेही कौतुक केलं. सकाळी ते गळून पडलं, तो भाग वेगळा.)

मग मात्र मी हट्टाला पेटलो. कुंडी न्हाणीघरात नेली. तेव्हापासून सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी करायच्या, कढत पाण्याने, दार घट्ट लावून, म्हणजे वाफ वाया जात नाही. तुझी भावजय म्हणते, झाडासमोर संकोच वाटतो. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला मी दारातूनच परत पाठवलं. तो जिना उतरताना वळून वळून बघत होता, बघू दे. वकीलसाहेबांनी बांधणीला दिलेल्या जाडजूड पुस्तकांचे पुठ्ठे ओलीने फुगले, तेव्हा ते तावातावाने म्हणाले, "अहो, तुम्ही बाइंडर आहात की माळी?" मी म्हटलं, "पुस्तकं न्या. झाड इथंच राहील." आणि त्यांनी खरोखरच नेली. मला पश्चात्ताप नाही. शेवटी दाबयंत्र, पुठ्ठे, सगळा पसारा बैठकीच्या खोलीत आणला (म्हणून वाकायला जागा नाही) आणि न्हाणीघराला लागून असलेली कामाची खोली झाडाला देऊन टाकली. परवा नवं पान उलगडलं. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

आणि हे झाड तुझ्याकडे पाठवू? तिथे दिवसभर एसी, खिडकी कुणी उघडत नाही. तू लिहितेस, बोलायला कुणी नसतं, निदान झाड तरी असावं. वाळून जाईल ते. तुझ्या मुलाने कुंडीसाठी गाडी पाठवली तर रिकामी परत जाईल, हे त्याला माझ्या नावाने सांग.

तुझा आज्ञाधारक (कुंडी सोडून),
धाकटा भाऊ

ता. क. गाडी येणारच असेल तर तीत तू बसून ये. झाडाच्या खोलीत, खिडकीपाशी, तुझी खाट घातली आहे. झाड दिवसभर एकटं असतं, आणि मला त्याच्याशी बोलायला जमत नाही.

ता. क. दुसरा. तुझी भावजय म्हणते, सरळ लिहा की ताईवाचून घरात करमत नाही. मी कशाला लिहू? येणार नसशील तर मात्र लगेच कळव, म्हणजे मी स्वतःच तुला न्यायला येतो.