गिरणीचा मिस कॉल

३ फेब्रु. २००९, मंगळ.
निखिलला येऊन महिना झाला नाही, तोवर सर मीटिंगमध्ये "निखिल काय म्हणतो बघू" म्हणायला लागले. दोन वर्षं हे काम मी ओढतेय. टीव्ही बघता बघता दुसऱ्या घरातल्या माणसाशी मोबाइलवरून बोलता यावं, एवढंच. माझी चॅटची खिडकी, पडद्याच्या कोपऱ्यात. हा म्हणाला, "छान आहे, पण मालिका चालू असताना टाइप कोण करणार?" सगळे हसले. मीही. डबा तसाच परत आणला.

७ फेब्रु., शनि.
निखिल घोटावड्याला, माझ्याकडे आला. खरी माणसं टीव्ही कशी बघतात ते बघायचंय म्हणे. वर मी भाड्यानं, खाली घरमालक तात्या नि काकू. काकूंनी त्याला पिठलं-भाकरी वाढली, वर तूप. "गुणी हाय गं पोरगं, खायाला लाजत न्हाई." मला दोन वर्षांत तूप? असो.
साडेआठची मालिका. जाहिरात लागली की काकू एक मिस कॉल देतात, तिकडून एक उलट येतो. मला रोज त्या रिंगचा वैताग. हा पठ्ठ्या वहीत लिहीत बसला.

१० फेब्रु., मंगळ.
त्याचं डिझाइन: टाइप करायचंच नाही. मिस कॉल द्या, समोरच्याच्या टीव्हीवर तुमचं नाव झळकेल. सर खुर्चीतून उठलेच. माझ्या घरातला मिस कॉल! माझ्या काकू! ग्राहक कंपनीचे पाहुणे चाचणी बघायला येणार, तेही काकूंकडेच. ज्याचं डिझाइन चालेल तो टीम लीड.

१७ फेब्रु., मंगळ.
एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. तो मिस कॉल नंदाला असतो, भूगावच्या जावेला. तिथली जमीन बिल्डरला गेल्यापासून तात्या नि त्यांचा भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बायकांनाही बोलायची बंदी. नंबर काकूंच्या फोनमध्ये मीच भरून दिला होता. "नाव दुसरंच टाक गं पोरी." 'गिरणी' टाकलं. तात्यांना वाटतं, दळण झाल्याचं कळवतात. रोज कसलं दळण, ते विचारत नाहीत.

१९ फेब्रु., गुरु.
टीव्हीच्या बॉक्समध्ये काकूंच्या फोनमधली नावं भरायची होती. निखिल म्हणाला, "तू घरची, तूच भर. टोपणनावं नकोत हं, खरी टाक." सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. तो शीळ घालत वायरी जोडत होता. काकू स्वयंपाकघरातून, "गिरनीच दिसंल न्हवं?" मी हो म्हटलं.
शेवटचं नाव भरलं: नंदा, भूगाव.

२० फेब्रु., शुक्र.
पहिली जाहिरात. काकूंनी मिस कॉल दिला. उलट आला. पडद्यावर भलंमोठं, नंदा, भूगाव. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्या उठले, टीव्ही बंद केला, पाहुण्यांना हात जोडले नि चपला घालून बाहेर. काकूंनी मान वर केली नाही.
निखिल जिन्यात: "माझं काय चुकलं?" म्हटलं, "काय माहीत."

२३ फेब्रु., सोम.
निखिलचं डिझाइन बाजूला; घरात भांडण लावणारी वस्तू नको, पाहुणे म्हणाले. लीड मी. त्यानं अभिनंदन केलं, तेही मनापासून. मेल्याला साधं जळताही येत नाही.
काल काकूंच्या पाया पडून माफी मागून गेला म्हणे. संध्याकाळी काकू वाळवण काढत होत्या. मी म्हटलं, त्याच्यावर रागावू नका. "त्याच्यावर कशाला? त्यो परका. नाव तूच टाकलंस, दोनी येळंला." परडी उचलून आत गेल्या.

४ मार्च, बुध.
बारा दिवस खाली फोन वाजला नाही. माझ्या चॅटच्या खिडकीचं काम जोरात. सर खूश. मला जेवण जात नाही.
आज साडेआठला, जाहिरात लागली तशी, एक रिंग. मी जिन्यात येऊन उभी. तात्यांचा आवाज: "कुनाचा गं?"
काकू म्हणाल्या, "गिरनीचा."
या वेळी टीव्ही बंद झाला नाही. मालिका पुन्हा सुरू झाली. खाली जायचा धीर झाला नाही.
निखिलला मेल लिहायला घेतलीय. 'ते नाव मी मुद्दाम' इथवर आलेय.