भुरीला पाजलेलं पाणी

माय, आज दुपारी मी बोक्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले होते. त्यानं शेजारच्या दुकानातली उंदराच्या औषधाची वडी खाल्ली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत तो तीनदा ओकला. ओकारीत गुलाबी तुकडे होते. डॉक्टरांनी ते चिमट्यानं उलटेपालटे करून पाहिले.

"घरी काही पाजलं का? मीठबिठ?"

"नाही."

"अच्छा किया. लोक मिठाचं पाणी पाजतात. जहर से बच जाती, नमक से मरती है बिल्ली. मीठ मेंदूत चढतं, झटके येतात."

मी बोक्याला पिशवीत घातलं. रिक्षात बसल्यावर मला आपली मांजर आठवली, भुरी.

तू देडतलाई गावची. कपाशीवर फवारायचं औषध पोटात गेलं की तिकडे आधी मिठाचं पाणी पाजायचे, मग दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपायचे. तुझा भाऊ त्यातून वाचला होता. तेव्हापासून तुझा देवापेक्षा मिठावर विश्वास जास्त. मी लहान होते तेव्हा एके सकाळी तू कणकेच्या गोळ्यात उंदराचं औषध मळलंस आणि मला म्हणालीस, हा माळ्यावर ठेव, हात धुऊन घे, मी इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन येते. दुपारी आलीस, पिशवी ठेवली, शिडी चढून पाहिलंस. गोळा नव्हता.

"गोळा कुठंय व?"

"भुरीनं खाल्ला."

भुरी चुलीपाशी झोपली होती. तू तिला मानेला धरून उचललंस. पेल्यात मूठभर मीठ कालवलंस, मला तिचे पाय धरायला लावलेस. मी धरते आहे. ती माझ्या मनगटावर ओरबाडते आहे. तू चमच्यानं पाणी ओततेस, थांबतेस, पुन्हा ओततेस. शेजारच्या काकू दारात येऊन हसतात. "काय व वहिनी, मांजरीला सलाईन लावता का?" तू मान वर करत नाहीस. "हसा तुम्ही. माह्या भावाला याच पाण्यानं वाचवलं. घट्ट धर व बाई, सोडू नको." उलटी होत नाही, म्हणून तू दुसरा पेला करतेस.

थोड्या वेळानं ती फेस ओकली. मग तिचे पाय ताठ झाले, अंग झटके देऊ लागलं. दिवेलागणीच्या आत ती गेली. तू तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलंस. भाजीची पिशवी तशीच पडली होती, त्या दिवशी आपण जेवलो नाही.

पुढे कितीतरी वर्षं तू म्हणायचीस, बाजारात भाजीच्या भावावरून घासाघीस करत बसले, उशीर झाला. घरात पुन्हा मांजर येऊ दिलं नाहीस. कुणाचं मांजर ओट्यावर आलं तर हाकलायचीस, मग ते वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभी राहायचीस.

तुला उशीर झाला नव्हता. भुरीनं काही खाल्लंच नव्हतं. माळ्यावर अंधार होता, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना वर काहीतरी खुडबुडलं. मी खाली उतरले आणि गोळा मागच्या दारानं गटारीत टाकला. तू विचारलंस तेव्हा मला मार चुकवायचा होता. समोर मांजर झोपलं होतं. दुसरा पेला भरत होतीस तेव्हा सांगता आलं असतं. मी पाय धरून राहिले.

मिठाचं आज कळलं. बाकीचं मला त्याच दिवसापासून माहीत होतं.

शेवटच्या आजारात एकदा तू पाण्याचा घोट घेऊन विचारलंस, "त्या भुरीनं सगळा गोळा खाल्ला होता का व? अर्धाच खाल्ला असंल तर मीच कमी पडली." मी म्हणाले, "सगळा खाल्ला होता, माय." तू डोळे मिटलेस. तुला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणाले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तेव्हाही मला तुझी भीतीच वाटली होती.