नेरला बंद पडणारी मोटार

नाना, काल तुमच्या नातवाची, म्हणजे माझ्या मुलाची, गाडी रस्त्यात बंद पडली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे; आज ते कागदावर उतरवते. ही गाडी गॅसवर चालते. पेट्रोलवर घातली की गुमान पळते, गॅसवर घेतली की चौकात वेग कमी केला रे केला की मान टाकते. मेकॅनिक आला आणि त्याने एका दमात तीन-चार वस्तू बदलायच्या म्हणून सांगितल्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, आधी एकच बदला, गाडी फिरवून आणा, मग दुसरीला हात लावा. तो म्हणाला, "आजी, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" तुमचा नातू हसला. मी हसले नाही. उभा जन्म शाळेत पोरींना धाकात ठेवलेल्या बाईला असं कुणी विचारलं की डोकं फिरतं, आणि हे डोकं कुणाकडून आलंय ते तुम्हाला सांगायला नको.

मी शाळेत होते तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि तेही वेळेवर नाही. साक्री ते धुळे उतारूंची सर्व्हिस मोटार तुम्ही चालवत होतात. मालकांनी तिच्या पाठीशी ते उंच लोखंडी पिंप बसवून घेतलं आणि आपली मोटार कोळशावर चालायला लागली. पिंपात वरून कोळसा भरायचा, खाली विस्तव घालायचा, हातानं पंखा फिरवून तो फुलवायचा. धुमसत्या कोळशाचा गॅस नळ्यांमधून थंड होत यायचा, गाळणीच्या डब्यातून गाळला जायचा आणि मग इंजिनात. सुरुवातीला घोटभर पेट्रोलवर इंजिन चालू करायचं आणि नंतर दांडी ओढून गॅसवर घ्यायचं. दांडी ओढताना तुम्ही श्वास रोखून धरत असा. मी मागच्या बायकांच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असे आणि मीही रोखून धरत असे.

त्या मोटारीवरच माझी शाळा होती. साक्रीत मुलींचं शिक्षण जिथे संपायचं तिथे माझं संपलं असतं, पण तुम्ही म्हणालात, मोटार रोज धुळ्याला जाते, पोरगी तिच्यात बसून जाईल आणि तिच्यातच परत येईल, कुणाकडे ठेवायला नको आणि कुणाच्या पाया पडायला नको. आपल्या भावकीत कुणी असलं काही केलं नव्हतं. लोक बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मला मोटारीत बसवलंत.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. दिवाळीनंतर मोटारीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी साक्रीहून निघालो की झोकात जायची, नेर जवळ आलं की धाप लागल्यासारखी व्हायची, आणि नेर ओलांडून बाभळीच्या रांगेपाशी आलो की बंद. तुम्ही खाली उतरायचात, झाकण उघडून सळईनं कोळसा ढोसायचात, पंखा फिरवायचात. काही उपयोग व्हायचा नाही. मग बराच वेळ तशीच उभी ठेवली की आपली आपण चालू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं. आणि दुपारी धुळ्याहून परत येताना कधीही बंद पडायची नाही. उतारूंना तर रोजची करमणूक झाली होती. टोपलीवाल्या एक मावशी मोठ्यानं म्हणायच्या, "नेर उनं का तुमनी गाडीले माहेर याद येस, नाना!" सगळी मोटार हसायची. तुम्हीही हसायचात, पण मागून मला तुमचे लाल झालेले कान दिसायचे.

मला मात्र हसू येत नव्हतं. शाळेची घंटा अकराला व्हायची आणि मी पोचायची तेव्हा कधी दुसरा तास संपलेला असे, कधी मधली सुट्टी. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एक दिवस मला वर्गाबाहेर उभं केलं. "वडील मोटार चालवतात आणि मुलगी चालत येणाऱ्यांपेक्षा उशिरा येते? नाताळच्या सुट्टीपर्यंत मी चालवून घेईन. त्यानंतर एकदा जरी उशीर झाला तर नाव कमी करीन. तुझ्या जागेसाठी दुसऱ्या मुली थांबल्या आहेत." त्या वाईट नव्हत्या. पुढे मी त्यांच्याच खुर्चीसारख्या खुर्चीत बसले तेव्हा मलाही असंच बोलावं लागलं. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की नाव कमी झालं तर मी घरी, आणि घरी बसलेली पोरगी म्हणजे येत्या लगनसराईत दुसऱ्याच्या घरी. ते मी तुम्हाला मोटारीतच सांगितलं, रडत रडत. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. "नाताळले टाइम शे," एवढंच म्हणालात.

मग तुम्ही जे सुरू केलंत ते आठवलं की आजही माझी पाठ ताठ होते. गाडी सकाळीच का अडते? तुम्ही म्हणालात, थंडीचे दिवस, रात्री कोळशावर दव पडत असणार, ओला कोळसा नीट पेटत नाही. दिवाळीपासून कोळसाही नवा होता, पिंपळनेरच्या जंगलातून येणारा. म्हणून पहिल्यांदा कोळसा. पोती घरात आली. स्वयंपाकघरात चुलीच्या अवतीभवती कोळसा पसरलेला आहे, माय अंग चोरून बसून भाकरी थापते आहे, जमीन काळी, भांडी काळी, माझ्या वहीच्या कडा काळ्या, आणि तुम्ही एकेक तुकडा दुसऱ्यावर आपटून त्याचा आवाज ऐकता आहात. वाळलेला कोळसा काचेसारखा वाजतो, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी नेरला मोटार बंद. मग तुकडे मोठे असतील, मध्येच अडकून राहत असतील, म्हणून हातोडीनं सारखे फोडून घेतलेत. नेरला बंद. मग झाकणाच्या कडेनं हवा शिरत असेल म्हणून नवी दोरी बसवलीत. बंद. मग खालची जाळी, तिच्यावर जळून साचलेले खडे. मग नळ्यांचे सांधे, एकेक.

माझा धीर सुटला. एका संध्याकाळी मी म्हटलं, नाना, हे असं एकेक काय करता, सगळं एकदमच बदलून टाका ना, माझी शाळा चालली. तेव्हा तुम्ही पान्हा खाली ठेवलात. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशीचा आवाज चापटीपेक्षा कमी नव्हता. "बठ्ठं एकदम बदलं आनि गाडी चालनी, ते रोग काय व्हता हाई कोनले समजी? पुढला महिनामा परत बंद पडनी मंग? तुले एक दिवस शाळामा जानं शे का रोज?" रोज, म्हटलं मनात. मला रोज जायचं होतं.

नाताळची सुट्टी लागली. मला सुट्टी होती, मोटारीला नव्हती; तुम्ही रोज जात होतात आणि रोज नेरला थांबत होतात. सुट्टीचा शेवटचा रविवार आला. रविवारी मोटार आपल्या दारात उभी असे. तुम्ही सकाळपासून तिच्यापाशी बसला होतात आणि काहीच करत नव्हतात. हे मला नवीन होतं. सगळं तपासून झालं होतं, फक्त गाळणीचा डबा राहिला होता. आणि त्यात मामाचा कापूस होता.

मामा जळगावला जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. दिवाळीत भाऊबीजेला आला तेव्हा मायसाठी लुगडं आणि तुमच्या मोटारीसाठी कापसाचं एक गाठोडं घेऊन आला. पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, सरकीचा कण नाही. गाळणीत आधी काथ्या होता, तो झिजला होता आणि लढाईमुळे नवा मिळत नव्हता. मामा म्हणाला, "दाजी, काथ्या काय घालतस! आपला खान्देश कापूसना शे." तुम्ही दोघांनी मिळून डबा ठासून भरलात आणि मायनं त्या डब्याला हळद-कुंकू लावलं. कापसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कापूस कधी वाईट करील असं वाटतच नाही. गादीत कापूस, वातीत कापूस, जखमेवर कापूस. शिवाय जेवढं बारीक गाळावं तेवढा गॅस स्वच्छ, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण त्या रविवारी तुमच्या मनात शंका आलेली होती, हे आता मला कळतं. तुम्हाला तो डबा मायच्या देखत उघडायचा नव्हता. वर्षातून एकदा येणाऱ्या भावानं दिलेली वस्तू, तीत खोट काढायची कशी?

माय भाकऱ्या टाकून बाहेर आली. हात पिठाचे तसेच. तुमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजली. म्हणाली, "मना भाऊना कापूस शे म्हनीसन पोरनी शाळा बुडाडतस का?" तुम्ही म्हणालात, "तसं नही, पन..." तिनं ते 'पन' पुरं होऊ दिलं नाही. स्वतःच डब्याची कडी काढली आणि आत हात घातला. वरचा कापूस काळा झाला होता, ते ठीकच. आतला मात्र ओला गच्च गोळा झाला होता. मायनं तो पिळला तसं तिच्या मनगटावरून काळं पाणी अंगणात गळायला लागलं. तिघंही आम्ही त्या पाण्याकडे पाहत राहिलो. मग तुम्हीच उलगडून सांगितलंत: थंड सकाळी गॅसमधल्या वाफेचं पाणी होतं, ते कापूस पितो, फुगतो, आणि नेरपर्यंत जाता जाता इंजिनाचा घसा बंद. उभी ठेवली की पाणी खाली झिरपतं, वाट मोकळी होते. दुपारी ऊन असतं, पाणी धरत नाही, म्हणून परत येताना काही नाही. सांगताना तुमचा चेहरा असा खुलला होता की मी टाळ्याच वाजवल्या.

पण आता त्यात भरायचं काय? माय घरात गेली आणि घायपाताचा वाख, म्हणजे दोऱ्या वळायचे तंतू, घेऊन आली. तिची बाज कधीची मोडून पडली होती. नवी विणायची म्हणून तिनं कुंपणाची पानं कुटून तो राठ वाख स्वतः काढून ठेवला होता. "हाई पानी पिस नही," म्हणाली आणि तुमच्या पुढ्यात टाकला. त्या हिवाळ्यात माय जमिनीवर झोपली. पुढे मामा आला आणि त्यानं कापूस कसा चालतो म्हणून विचारलं, तेव्हा तिनं पापणी न हलवता सांगितलं, "गाडी बंद पडस नही आते." मामा खूश झाला. ती खोटं बोलली नव्हती, आणि तुम्ही हसू दाबायला बाहेर निघून गेलात.

सोमवारी आम्ही निघालो. थंडी मी म्हणत होती. नेर आलं. टोपलीवाल्या मावशींनी सवयीनं पदर खोचून टोपली उचलली, दोघं-तिघं विडी ओढायला उतरायच्या तयारीत उठून उभे राहिले. बाभळींची रांग आली. मोटारीचा आवाज जराही बदलला नाही. बाभळी मागे जायला लागल्या तशी मावशी ओरडल्या, "अरे, चालनी! चालनी रे नानानी गाडी!" उभे होते ते एकमेकांवर आदळले आणि सगळ्यांनी एकच गलका केला. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. कुसुंबा गेलं, धुळं आलं. त्या दिवशी तुम्ही मोटार अड्ड्यावर न नेता उतारूंसकट थेट शाळेच्या दारात आणलीत. घंटा व्हायची होती. मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. तुम्ही खाली उतरून त्यांना नमस्कार केलात आणि म्हणालात, "बाई, आता रोज." बाईंनी मान हलवली. मी त्या शाळेतून मॅट्रिक होईपर्यंत मोटारीपायी माझा एकही तास बुडाला नाही.

मॅट्रिक झालेली तुम्ही मला पाहिलीत. मास्तरीण झालेली पाहिली नाहीत. त्याच्या आतच गेलात. माझ्या शाळेत पोरींना मी तुमचंच तत्त्व ऐकवत आले, एका वेळी एक, आणि ते माझंच आहे असं त्या समजत आल्या. तेवढी उधारी राहिली आहे. हा कागद लिहून झाला की मी फाडून टाकणार आहे, मुलांना असलं सापडलेलं मला आवडायचं नाही. म्हणून जे कधीच बोलले नाही ते लिहून टाकते. घरी तुम्ही असायचात तेव्हा मोटारीखाली असायचात नाहीतर झोपलेले. चालवताना तर तुमची पाठच दिसायची. नेरच्या बाभळीखाली मात्र गाडी आपली आपण चालू होईपर्यंत करण्यासारखं काही नसे, आणि तुम्ही मला जवळ बोलावून विचारायचात, "काल काय शिकाडं बाईनी?" मी पृथ्वी कशी फिरते ते सांगायची, तुम्ही विस्तव कसा श्वास घेतो ते सांगायचात. त्यानंतर आपण दोघं तसे कधी बोललो नाही, नाना. त्या सोमवारी बाभळी मागे पडल्या आणि सगळी मोटार ओरडत होती तेव्हा मी दप्तर घट्ट धरून मागे वळून बघत होते, आणि मला वाटत होतं, आजच्या दिवस तरी बंद पडायला हवी होती.