वीस टक्क्यांची चाचणी

अमरावती

प्रिय सूर्यभानकाका,

अकोल्याला सुखरूप पोचलात ना? गुरुवारी तुम्ही चहाही न घेता बस गाठायला निघालात, ते मनातून जात नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की इंजिनाचं काय होतं, हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं. कळलं मात्र तुमच्यामुळे. आमच्या प्रयोगशाळेतली इंजिनं तुम्ही इतकी वर्षं दुरुस्त करता, पण मला शिकवायचं काही तुमच्या कामात नव्हतं. वीस टक्के मिश्रणावर इंजिन आचके द्यायला लागलं तेव्हा मी तक्ते चाळत बसले होते. तुम्ही प्लग काढलात आणि म्हणालात, "पांढरा पडून राहिला पोरी. इंजन उपाशी हाय." इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून हवेच्या मानाने इंधन कमी पडत होतं. तुम्ही कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे इंधन येण्याचं छिद्र, एक नंबर मोठा बसवलात. इंधन थोडं जास्त लागलं, पण ताकद जवळपास तेवढीच राहिली आणि भार वाढवल्यावरची इंजिनाची ठकठक, ते नॉकिंग, थांबलं. मी आकडे चारदा तपासले. तुम्हाला ते आवाजावरूनच कळलं होतं.

मग माझ्या मार्गदर्शक सरांसमोरच्या चाचणीत तेच इंजिन तीनदा बंद पडलं. घाबरून मी अहवालात लिहिलं, कार्ब्युरेटरची जुळणी सदोष. सरांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही टाकीतलं इंधन काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असन साहेब, माह्याच हातून झालं असन." नंतर माझा इंधनाचा कॅन फडक्याने पुसून उलटा ठेवलात. "याले आंघोळ नको घालत जाऊ," म्हणालात. मला ती थट्टा वाटली, मी हसले.

आमच्या घरी पूजेचं भांडं विसळल्याशिवाय वापरायचं नाही, हे मी अक्षरं गिरवण्याआधी शिकले. त्याच सवयीने मी दर चाचणीआधी कॅन पाण्याने विसळून वाळवायची. त्या दिवशी घाईत तो ओलाच भरला. शनिवारी मुद्दाम तसंच करून पाहिलं. बाटलीत दोन थर पडले. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसलं होतं, आणि इंजिनाची नळी टाकीच्या तळातूनच निघते.

कॉलेजचं काम तुमच्याकडून काढून घेतल्याचं मला काल कळलं. आज सकाळी ती बाटली सरांच्या टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं. अहवालातलं ते वाक्य खोडून चूक माझ्या नावावर लिहिली आहे. त्यामुळे माझी तोंडी परीक्षा पुढच्या सत्रात गेली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सर उद्या तुम्हाला फोन करतील. तेव्हा 'जाऊ द्या साहेब' म्हणू नका, काका. माझ्यासाठी एकदा खोटं बोललात, तेवढं पुरे.

तुमचीच,
चारुता