डावीकडे मी, उजवीकडे कचरा

६ फेब्रुवारी १९९३, शनिवार
ओझेलाबाईच्या अड्ड्यावर गिटारवर अकरा ब्लूज गाणी वाजवली. एकही माणूस नाचायला उठला नाही. अर्थ उघड आहे: लोक ऐकत होते. दोघे डोळे मिटून, घोरत.

अड्ड्यातला डावा स्पीकर नाताळपासून मुका आहे. कोणीतरी त्यात बीअर ओतली. सगळे उजव्या भिंतीला चिकटून बसतात.

ओझेला म्हणाली, क्लिओथा, बाबा रे, लोक माझ्याकडे मासे खायला आणि कंबर हलवायला येतात. रडायला त्यांना घरं आहेत. एक अल्बम काढ, थोडं पॉप घाल. ईस्टरच्या आदल्या दिवशी मी टेप लावते. लोक उठले तर शनिवार तुझा. नाही उठले तर दुसऱ्याचा.

एकोणीस वर्षं शनिवार माझा आहे. क्लार्क्सडेलमध्ये शनिवार नसलेला गिटारवाला म्हणजे चर्च नसलेला पाद्री.

७ फेब्रुवारी, रविवार
निर्णय. पॉपला अल्बममध्ये घ्यायचं, पण गारुडी सापाला टोपलीत घेतो तसं. पॉप म्हणजे काय? तीन सूर, एक उसासा, आणि 'बेबी' सतरा वेळा. ब्लूज शेजारी ठेवला की जगाला फरक आपोआप कळेल.

हा कचरा गाणार कोण? माझी बायको डोरिंडा. चर्चमध्ये गाते, आवाज ठीक आहे. मी सांगितलं, होईल तितकं उथळ गा. ती म्हणाली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गायला सांगितलंस, आणि तेही वाईट गा म्हणून!

बायकांना मोठ्या कल्पना कळत नाहीत.

१ मार्च, सोमवार
रेकॉर्डिंग. स्टुडिओतला पोरगा लमार मशीनवर बसतो आणि स्वतःला तज्ज्ञ समजतो. मी त्याला ठणकावलं: माझी गिटार त्या घाणीत मिसळायची नाही. ती एकटी डाव्या स्पीकरला. पियानो, टाळ्या, डोरिंडा, सगळं उजवीकडे. ड्रम आणि बासवाल्यांनाही तिकडेच टाक, कारण दोघे मजेत वाजवत होते. गद्दार.

लमार म्हणाला, काका, वेगळी चूल मांडलीत तर एकटे पडाल. मी म्हणालो, सत्य नेहमी एकटंच असतं. त्याला ते पटलं. (जांभई देत होता, पण पटलंच.)

२४ मार्च, बुधवार
आमच्याकडे टेप पक्की करण्याआधी गाडीत ऐकतात. स्टुडिओ खोटं बोलतो, गाडी बोलत नाही. पिकअपमध्ये टेप लावली.

काय सांगू! पॉप गायब! पियानो नाही, टाळ्या नाहीत, डोरिंडा नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत फक्त माझी गिटार. तिने सगळं गिळलं! मी रडलो. शेताच्या कडेला गाडी थांबवून पुन्हा ऐकलं, पुन्हा रडलो.

डोरिंडाला सांगितलं. ती म्हणाली, अरे, गाडीचा उजवा स्पीकर दोन वर्षं बंद आहे. बहिणीकडच्या मोठ्या टेपवर एकदा ऐक. मी म्हणालो, हा मत्सर आहे. ब्लूजला एक स्पीकर पुरतो.

टेप मंजूर. ओझेलाला पोचवली.

१० एप्रिल, शनिवार, दुपार
अड्डा खच्चून भरलेला, सगळी गर्दी नेहमीसारखी उजव्या भिंतीला. तळलेल्या माशांचा धूर. ओझेलाने टेप लावली.

पियानो आला. टाळ्या आल्या. डोरिंडा आली. मी गिटारची वाट पाहत उभा राहिलो.

लोक उठले. सगळे. पोस्टमन उठला. गुडघे बदललेली मिसेस टॉलिव्हर उठली. घोरणारे दोघे उठले. स्वयंपाकीण झारा हातात घेऊन बाहेर आली आणि ओरडली, अगं डोरिंडा, इतकी वर्षं हा आवाज कुठे लपवला होतास? डोरिंडा म्हणाली, घरात.

दहा गाणी झाली. गिटार नाही आली. ती बहुधा इतकी खोल होती की नाचणाऱ्या माणसाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी सगळं यश तिचंच. पाया दिसत नाही, म्हणून घर पायाविना उभं राहतं का?

११ एप्रिल, ईस्टर
चर्चबाहेर ओझेला भेटली. म्हणाली, दिलेला शब्द पाळते. लोक उठले. शनिवार डोरिंडाचा.

मी विचारलं, आणि गिटार? ती म्हणाली, गिटार होती त्यात?

जनता मूर्ख आहे, हे मी कायम सांगत आलो.

डोरिंडा म्हणाली, माझ्यामागे उभा राहून वाजव, मला आवडेल. मी म्हणालो, मी कोणाच्या मागे उभा राहत नाही. तिने हॅट सरळ केली. मग म्हणाली, बरं. ओझेला म्हणाली, मग तू मंगळवार घे.

घेतला. गंभीर कलेला शांत वारच हवा.

१३ एप्रिल, मंगळवार
मंगळवारी अड्डा बंद असतो.

तरीही वाजवलं, दाराबाहेर, पायरीवर बसून. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. दुसऱ्या गाण्याला ते उठलं.

समोरच्या पायरीवर जाऊन झोपलं.